कुपवाडच्या पोरीनं दुरुस्त केलेली ओळ

२०१९ च्या ऑगस्टमध्ये जे सांगलीत होते त्यांना आयर्विन पुलाचे आकडे अजून तोंडपाठ आहेत. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. त्या आठवड्यात कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ८ तारखेला ब्रह्मनाळला बचावाची बोट उलटली, ती बातमी आली तेव्हा आमच्या घरात चूल पेटवायचंही कुणाला सुचेना. आम्ही कुपवाडला राहतो. कुपवाड उंचावर आहे, पाणी आमच्यापर्यंत आलं नाही, माणसं आली. आमच्या दोन खोल्यांत अकरा जण होते. १२ तारखेची बकरी ईद तशीच गेली. नमाज झाली, गळाभेट झाली, आणि लोक परत मदरशाच्या हॉलमध्ये पोती बांधायला बसले.

त्या हॉलमध्ये एका कोपऱ्यात माझी भाची लॅपटॉप घेऊन बसली होती. आपाची मुलगी, तेव्हा कॉम्प्युटर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. तिनं नाव छापायचं नाही असं बजावलंय, म्हणून या लेखात ती नुसती भाची. पाणी ओसरायला लागलं तसे फोन येत होते. अमक्या वाडीत दूध पावडर हवी, तमक्या गावात चादरी, कुणाचं बी.पी.चं औषध संपलंय. भाची सगळं मराठीत लिहून घ्यायची आणि नकाशावर टिंबं टाकायची. नकाशाचा प्रोग्राम फुकट मिळणारा होता, क्यूजीआयएस. पडद्यावर गावांची नावं छान देवनागरीत दिसत होती. टेम्पोवाल्याला द्यायची यादी मात्र तिनं एका छोट्या जोड-प्रोग्राममधून, ज्याला प्लगिन म्हणतात, काढली आणि छापली. कागदावर नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं.

वेळ नव्हता. मी पेन घेतलं आणि पडद्याकडे बघत एकेक नाव हातानं लिहायला लागले. रात्री अकरा वाजले होते. यादीत दोन ओळी अगदी सारख्या होत्या. चार प्रश्नचिन्हं, मोकळी जागा, मग सहा प्रश्नचिन्हं. एक होतं मौजे डिग्रज, दुसरं कसबे डिग्रज. मी त्यांची अदलाबदल केली. मी भूगोल शिकवते, एकवीस वर्षं शिकवतेय, आणि माझ्याच तालुक्यातली दोन गावं मी उलटी लिहिली. बर्फाच्या डब्यात ठेवलेलं एका आजीबाईंचं इन्सुलिन सकाळी ज्या डिग्रजला जायला हवं होतं त्याऐवजी दुसऱ्या डिग्रजला गेलं. तिथून फोन आला, टेम्पो पुढच्या फेरीवर निघून गेला होता, डबा संध्याकाळी पोचला. आजी सुखरूप राहिल्या, अल्हम्दुलिल्लाह. पण त्या दिवशीचे ते आठ-नऊ तास मी विसरलेले नाही.

आता ही प्रश्नचिन्हं कुठून येतात, ते भाचीनं मला जसं समजावलं तसं सांगते. कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. कोणत्या अक्षराला कोणता आकडा, याचे तक्ते असतात. जुना एक तक्ता युरोपातल्या लिप्यांपुरता आहे. त्यात देवनागरी नाहीच. नवा तक्ता आहे त्यात जगातल्या बहुतेक लिप्या बसतात, मराठी आणि उर्दूही. तो साठवायची रूढ पद्धत म्हणजे यूटीएफ-८. तिच्यात इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, आपल्या प्रत्येक अक्षराला आणि प्रत्येक मात्रेला तीन. आपल्याकडच्या विंडोज मशीनवर प्रोग्राम लिहिणाऱ्यानं कोणता तक्ता वापरायचा हे सांगितलं नाही, तर बऱ्याचदा जुनाच घेतला जातो. त्या प्लगिनमध्ये तेच झालं होतं, आणि वर आणखी एक सूचना होती की जे अक्षर ओळखता येणार नाही तिथं प्रश्नचिन्ह टाकून पुढे जा.

मोजून बघा. 'मौजे' म्हणजे म, त्याचा औकार, ज, त्याची मात्रा. चार. 'कसबे' म्हणजे क, स, ब आणि मात्रा. हेही चार. 'डिग्रज' दोन्हीकडे एकच, पाय मोडायची खूण धरून सहा. दोन जिवंत गावं त्या यंत्रानं तंतोतंत एक करून टाकली होती. त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. ज्यानं ती ओळ लिहिली त्यानं डिग्रज कधी ऐकलंही नसणार.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. पुन्हा तोच हॉल, तोच लॅपटॉप, आणि यादीवर तीच प्रश्नचिन्हं. या वेळी नावं लिहायला मी पेन दिलं नाही, भाचीनंच लिहिली, दोनदा तपासून. पण पाणी उतरल्यावर ती म्हणाली, "खाला, हे कुणीतरी दुरुस्त करायला पाहिजे." मी म्हटलं, कंपनीला कळव. ती हसली. कंपनी नव्हतीच.

इथं थोडं थांबून सांगायला हवं, कारण आपल्या बऱ्याच घरांत मुलं कॉम्प्युटर शिकतात पण ही गोष्ट त्यांच्याही कानावर नसते. बाजारातलं बहुतेक सॉफ्टवेअर बंद पेटीसारखं असतं. वापरा, आत बघू नका. दुसऱ्या जातीचं सॉफ्टवेअर असतं त्याची पेटी उघडी असते. त्याचा मूळ मजकूर, ज्याला सोर्स कोड म्हणतात, कुणीही वाचावा, बदलावा, बदललेला पुढे द्यावा, अशी त्याची परवानगीच लेखी असते. याला ओपन सोर्स म्हणतात. दुलाभाई, म्हणजे भाचीचे अब्बा, कुपवाडच्या एमआयडीसीत लेथवर आहेत. त्यांना हे एका वाक्यात कळलं. "मतलब मशीन खोलके देख सकते," ते म्हणाले. हो, आणि खोलून दुरुस्त केलेला भाग कारखान्याला परत पाठवताही येतो. तिथल्या माणसाला पटला तर पुढच्या सगळ्या मशिनांत तोच भाग बसतो.

क्यूजीआयएस असंच सुरू झालं. अलास्कातल्या गॅरी शर्मन यांना २००२ मध्ये लिनक्सवर आपले नकाशे बघायला साधं साधन हवं होतं, म्हणून त्यांनी लिहायला घेतलं. मग लोक जमत गेले. २००९ मध्ये पहिली पक्की आवृत्ती आली. आज ते जगभर सरकारी कचेऱ्यांत, विद्यापीठांत, पाणी आणि शेतीच्या खात्यांत वापरलं जातं, आणि त्याला जोडायचे प्लगिन हजाराहून जास्त आहेत. त्याच्याही आधीचा ग्रास नावाचा प्रोग्राम १९८० च्या दशकात अमेरिकी लष्कराच्या बांधकाम संशोधन प्रयोगशाळेत तयार झाला होता, तोही आज सगळ्यांसाठी खुला आहे. अशा प्रकल्पांना एकत्र धरणारी ओएसजिओ ही संस्था २००६ मध्ये स्थापन झाली.

नकाशाच्या सॉफ्टवेअरला एवढी माणसं का लागतात, असा प्रश्न माझ्या वर्गातल्या मुली विचारतात. मी त्यांना एक प्रयोग करायला लावते. तो तुम्ही घरी करू शकता. भिंतीवरचा मर्केटर पद्धतीचा जगाचा नकाशा घ्या, कुपवाड आणि मक्का पट्टीनं जोडा. रेघ पश्चिमेपासून उत्तरेकडे साधारण आठ अंश कलते. आता पृथ्वीगोल घ्या आणि त्याच दोन जागांमध्ये दोरा ताणून धरा. कुपवाडहून निघताना दोरा पश्चिमेपासून उत्तरेकडे साडेतेरा अंश कललेला दिसेल. सुमारे ३,७०० किलोमीटरचं अंतर, आणि सपाट कागदानं दिशेत साडेपाच अंशांचा फरक पाडला. मुली लगेच किब्ल्याबद्दल विचारतात. किती फरक चालतो हा मसला उलेमांचा, मी भूगोलाची बाई. पण गोल पृथ्वीवरून दिशा कशी काढायची, हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. अल-बिरुनी यांनी १०२५ मध्ये पूर्ण केलेला एक आख्खा ग्रंथ शहरांचे अक्षांश-रेखांश कसे काढायचे यावर आहे, आणि त्यात त्यांनी गझनीहून किब्ल्याची दिशा गणितानं काढून दाखवली.

आज हे गणित प्रोज नावाचा एक खुला प्रोग्राम करतो. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यातले जेराल्ड इव्हेंडेन यांनी तो लिहायला घेतला, आणि आता नकाशाच्या बहुतेक सॉफ्टवेअरच्या पोटात तो असतो. त्याच्या कोडमध्ये हिंदुस्थानचा एक तुकडाही आहे. पृथ्वी नेमकी किती मोठी आणि ध्रुवांपाशी किती चपटी, याची मापं वेगवेगळ्या काळात वेगवेगळी धरली गेली. इथल्या मोजणीवरून जॉर्ज एव्हरेस्ट यांनी जे माप दिलं ते 'एव्हरेस्ट १८३०' या नावानं प्रोजमध्ये आजही आहे, कारण सर्वेक्षण खात्याचे जुने नकाशे त्यावर काढलेले आहेत. मोबाईलचा जीपीएस दुसरं माप वापरतो. जुना नकाशा चढवताना ही दुरुस्ती विसरली तर आपल्या भागात सगळं सुमारे दीडशे मीटर सरकतं. दीडशे मीटर म्हणजे काय हे कृष्णाकाठच्या माणसाला सांगावं लागत नाही. अलीकडचं घर पलीकडे जातं.

एव्हरेस्ट यांचं नाव शिखराला मिळालं. त्यांच्या खात्यात मोजणीची अवजारं खोलून दुरुस्त करणारे अर्काटचे सय्यद मीर मोहसिन हुसेन होते. लंडनहून आलेली थिओडोलाइटसारखी नाजूक यंत्रं या माणसानं इथंच उघडली, दुरुस्त केली, आणि पुढे खात्याचे उपकरण-निर्माते झाले. मला हे नाव पाठ्यपुस्तकात कधी भेटलं नाही, वर्गात मात्र मी दरवर्षी सांगते.

आपल्या सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेलाच बघा. १९९८ साली तीन गावं जोडून ती झाली. कुपवाडला गुंठ्या-गुंठ्यानं घेतलेल्या जागांवर वस्त्याच्या वस्त्या उभ्या राहिल्या. जी वस्ती नकाशावर नाही तिथं गटार कुठून जाणार, संडास किती हवेत हे कोण मोजणार? पुण्याच्या शेल्टर असोसिएट्स या संस्थेनं, प्रतिमा जोशी यांच्या पुढाकारानं, आपल्या महापालिकेतल्या झोपडपट्ट्यांची घरोघर पाहणी करून ती माहिती कॉम्प्युटरच्या नकाशावर चढवली आणि त्या आधारे शौचालयांचं आणि घरांचं काम केलं. नकाशा म्हणजे शाळेतलं चित्र नव्हे, तो एक प्रकारचा अर्ज असतो, हे मला त्या कामाकडे बघून उमगलं.

तर भाचीकडे परत येते. २०२१ मध्ये तिचा डिप्लोमा झाला होता. लॉकडाऊनमुळे पुण्याची नोकरी हुकली होती आणि ती एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये बिलं टाकायचं काम करत होती. रात्री जेवणं झाली की मिरजेहून हप्त्यावर घेतलेला जुना लॅपटॉप उघडायची. चार्जर काढला की बंद पडायचा, म्हणून फ्रीजच्या मागच्या बोर्डापाशी जमिनीवर बसायची.

तिनं आधी काय केलं, तर तक्रार नीट लिहिली. याला बग रिपोर्ट म्हणतात. तिच्या मते निम्मं काम तेच असतं. 'तुमचा प्रोग्राम चालत नाही' असं लिहून कुणाला काही कळत नाही. कोणती आवृत्ती, कोणतं विंडोज, काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. सोबत दोन ओळींची नमुना यादी जोडली, मौजे डिग्रज आणि कसबे डिग्रज. इंग्रजी तिचं बेताचंच. पहिला मसुदा माझ्याकडे आणला, मी व्याकरण सुधारलं. नंतर तिनं मला दाखवणं बंद केलं. म्हणाली, तिथं जर्मन, इटालियन, ब्राझीलची माणसं आहेत, त्यांचंही माझ्यासारखंच असतं.

नऊ दिवस उत्तर नाही. दहाव्या दिवशी आलं. प्लगिन सांभाळणारा माणूस युरोपातला, दिवसा नोकरी, हे काम रात्री. त्यानं लिहिलं होतं की ती प्रश्नचिन्हांची सूचना त्यानंच घातली होती. काही वर्षांपूर्वी एका माणसाच्या गावाच्या नावात त्या तक्त्यात न बसणारं एक अक्षर होतं, त्यामुळे प्रोग्राम अधेमधे बंद पडायचा. तो पडू नये म्हणून केलेला तात्पुरता इलाज होता. शेवटी एक ओळ: तुला दुरुस्त करायला आवडेल का?

हे वाचून भाची दोन दिवस काही बोललीच नाही. शिकलेलं वेगळं, आणि जगातल्या कुणीही वाचावं अशा ठिकाणी आपल्या नावानं लिहिणं वेगळं. मग तिनं कोड उतरवून घेतला, स्वतःची एक प्रत केली, आणि शोधत ती ओळ सापडली. पायथन भाषेतली एक ओळ, फाइल उघडायची. तिच्यात तक्त्याचं नाव लिहायचं आणि ती प्रश्नचिन्हांची सूचना काढायची. बदल एका ओळीचा. तो तिनं पाठवला. अशा विनंतीला पुल रिक्वेस्ट म्हणतात, म्हणजे माझा बदल तुमच्या मूळ प्रतीत ओढून घ्या.

तिला वाटलं संपलं. इथं खरं काम सुरू झालं.

सांभाळणाऱ्यानं विचारलं, ही फाइल लोक एक्सेलमध्ये उघडतात, तिथं नीट दिसते का? भाचीनं उघडून बघितली. प्रश्नचिन्हं गेली होती, पण त्या जागी भलतीच अक्षरं. डोक्यावर रेघ असलेला रोमन ए, मध्येच चलनाच्या खुणा. फाइल बरोबर होती, पण एक्सेलला ती कोणत्या तक्त्यातली हे कळत नव्हतं. फाइलच्या अगदी सुरुवातीला तीन बाइटची एक न दिसणारी खूण टाकली की एक्सेलला कळतं. ती टाकावी की नाही यावर तिसऱ्याच एका माणसानं हरकत घेतली, कारण त्याचा दुसरा प्रोग्राम त्या खुणेवर अडखळायचा. चार-पाच दिवस यावर चर्चा. शेवटी ठरलं की वापरणाऱ्याला निवड द्यायची. म्हणजे एका ओळीचं काम पंधरा-वीस ओळींवर गेलं.

मग मागितली टेस्ट. म्हणजे कोड बरोबर चालतो हे तपासणारा आणखी एक छोटा कोड, जो पुढे कुणीही बदल केला तरी आपोआप चालवला जातो. भाचीनं टेस्ट कधी लिहिलेली नव्हती. कॉलेजात त्याचा धडा होता, तो परीक्षेपुरता. पहिली टेस्ट तिच्या मशीनवर चालली, त्यांच्याकडे पडली. दुसऱ्यांदा जागा सोडायच्या पद्धतीवरून परत आली. आपा म्हणाली, इतका अपमान कशाला सहन करतेस. मला तो अपमान वाटला नाही. बोलण्यात कुठेही हिडीसफिडीस नव्हती, फक्त काम पुरं होईपर्यंत कुणी 'चालतंय' म्हणायला तयार नव्हतं. दुलाभाईंनी लेथवरून काढलेला भागही सुतभर फरकानं परत येतोच की.

या सगळ्यात सात आठवडे गेले. ऑक्टोबरमध्ये एका रात्री बदल मूळ प्रतीत घेतला गेला. भाचीनं आम्हाला बोलावून दाखवलं. हिरव्या-जांभळ्या खुणा आणि खाली दोन शब्दांचे आभार. दादीनं विचारलं, "इसके पैसे कित्ते मिलते?" भाची म्हणाली, काहीच नाही. दादी थोडा वेळ बघत राहिली, मग म्हणाली की मग हा सवाबच. पाणपोई घातल्यासारखं.

दादीचं म्हणणं मला अर्धं पटतं. अर्धं नाही, आणि ते इथं स्पष्ट लिहिते, कारण या विषयावर गोड-गोड फार लिहिलं जातं. असा कोड वापरून मोठ्या कंपन्या कमावतात, परवान्यात त्याला मनाई नाही. गरीब घरातल्या मुलीची रात्र फुकट नसते. ज्या घरात फीचा हप्ता थकलाय तिथं मुलांना 'जगासाठी मोफत काम कर' असं सांगणं मला जमणार नाही. आणि याच्यामुळे नोकरी लागतेच असंही नाही. भाचीला अजून त्यामुळे नोकरी लागलेली नाही. दोन मुलाखतींत तिनं तो बदल दाखवला. एका ठिकाणी त्यांनी उघडून नीट वाचला, बराच वेळ प्रश्न विचारले, आणि पुण्याला राहायची तयारी आहे का यावर गाडी अडली. दुसऱ्या ठिकाणी त्यांना ते काय आहे हेच कळलं नाही.

मानधन मिळायचे मार्ग थोडे आहेत, पण आहेत. गुगल समर ऑफ कोड हा कार्यक्रम २००५ पासून चालतो. त्यात निवड झालेल्यांना खुल्या प्रकल्पांवर मार्गदर्शकाच्या हाताखाली काम करायचं मानधन मिळतं. ओएसजिओचे प्रकल्प त्यात असतात, आणि २०२२ पासून तो फक्त विद्यार्थ्यांपुरता राहिलेला नाही, वयाची १८ वर्षं पूर्ण असलेल्या नवख्यांना अर्ज करता येतो. आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प खुल्या सॉफ्टवेअरच्या प्रसारासाठीच आहे, आणि तिथल्याच स्पोकन ट्युटोरियलचे धडे भारतीय भाषांत फुकट मिळतात. घरच्या मुलाला-मुलीला हात घालून बघायचा असेल तर भाचीचा सल्ला असा की पहिल्या दिवशी कोडकडे जाऊ नये. जो प्रोग्राम आपण खरंच वापरतो तोच घ्यावा. मदतीच्या पानातली चूक सुधारावी, एखादं भाषांतर करावं, कुणाची तक्रार आपल्या मशीनवर तशीच होते का ते करून सांगावं. आणि जिथं आपलं काही अडतं तिथूनच सुरुवात करावी. परक्याचं दुखणं शोधत बसू नये.

त्या शेवटच्या गोष्टीवर मी बरेच दिवस विचार करत होते. त्या प्लगिनवर तिच्याहून हुशार माणसं काम करत होती. चूक वर्षानुवर्षं तिथंच होती. त्यांना ती दिसली नाही, कारण त्यांच्या गावांची नावं त्या जुन्या तक्त्यात बसत होती. ज्याचं नाव बसत नाही त्यालाच ती दिसते. अजून अशा कितीतरी आहेत. नकाशाची माहिती साठवायचा शेपफाइल नावाचा एक जुना प्रकार सरकारी कचेऱ्यांत अजून सर्रास वापरतात. त्यात रकान्याचं नाव दहा बाइटच्या वर जात नाही. आपल्या एका अक्षराला तीन बाइट, म्हणजे तीन अक्षरं झाली की जागा संपली. 'कुपवाड' एवढं लहान नाव, त्याला अठरा बाइट लागतात. यावर जिओपॅकेज नावाचा नवा प्रकार आहे, त्यात ही अडचण नाही. पण तो वापरा असं कचेरीतल्या माणसाला कुणीतरी जाऊन सांगावं लागतं.

परवा मी भाचीला विचारलं, तू लिहिलेल्यातलं आता नेमकं काय उरलंय तिथं? चार वर्षांत प्लगिन बरंच बदललं असणार. तिनं फ्रीजच्या मागे बसूनच लॅपटॉप उघडला. तिची ती ओळ आता नव्हती. कुणीतरी तो आख्खा भाग नव्यानं, जास्त चांगला लिहिला होता. मला जरा वाईट वाटलं. तिला वाटलं नाही. तिनं खाली सरकवत नेऊन टेस्ट दाखवली. ती तशीच होती. आजही कुणी, कुठेही त्या प्रोग्राममध्ये काही बदललं की यंत्र आधी एक तात्पुरती फाइल उघडतं, तिच्यात कुपवाड, मौजे डिग्रज आणि कसबे डिग्रज अशी तीन नावं लिहितं, फाइल बंद करतं, परत उघडून वाचतं, आणि दोन्ही डिग्रज वेगवेगळी आहेत ना ते तपासतं. नसली तर बदल आत घेत नाही.